मदत हवी आहे: अविधवा नवमीला मी घरात काय करावं?

माझं लग्न गेल्या वर्षी झालं. नवऱ्याची पहिली बायको कॅन्सरने गेली, तेव्हा लेक सात वर्षांची होती, आता दहा. ती उद्धट वागत नाही, पण मी भरलेला डबा तसाच परत येतो. आजीने केलेली पोळी मात्र खाते. ‘आई’ म्हण असं तिला कुणी सांगितलेलं नाही, काकू म्हणते. ताईंचा, म्हणजे तिच्या आईचा, फोटो हॉलमध्येच आहे. शाळेतल्या समुपदेशकांसमोर ती गप्प बसून राहिली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) मीच फोन केला; घाई करू नका, आईबद्दल बोलू द्या म्हणाले. ते पटलं.

आता पितृपक्षात अविधवा नवमीला ताईंच्या नावाने सवाष्ण जेवायला बोलावणार. सासूबाई म्हणतात, यंदा स्वयंपाक तू कर. लेक म्हणते, “आईचं पान काकूने वाढायचं नाही.” नवरा म्हणतो, तू ठरव. ताईंची आईही येणार आहे. त्या दिवशी माहेरी जाणं मला लपल्यासारखं वाटतं, पण लेकीचा तो दिवस हिसकावायचाही नाही.

लहानपणी ज्यांनी हे सोसलंय त्यांनी कृपया सांगा: त्या दिवशी नव्या आईने काय केलेलं तुम्हाला चाललं असतं? आणि बाहेरच्या समुपदेशकाकडे आधी तिला एकटीला न्यावं, की तिघांनी मिळून जावं?