एकाच खेळाडूची कार्डं जमवताना हद्द कुठे आखायची? शिवाय पावसाळ्यात वळणारी कार्डं

इंदिरानगरची_इचिरोवाली

नमस्कार मंडळी,

मी बेसबॉलची कार्डं जमवते, पण एकाच खेळाडूची. इचिरो सुझुकी. इथे नाणी, तिकिटं, काडेपेट्या जमवणारे बरेच जण आहेत, म्हणून तुम्हालाच विचारते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहत होतो. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. संध्याकाळी टीव्हीवर तिथल्या मरीनर्स संघाची मॅच लावायचे. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हा माणूस पहिल्या दिवसापासून कळला. डावखुरा, शिडशिडीत, चेंडू बॅटला लागता लागताच पळत सुटायचा. तिसऱ्या बेसकडे (बेस म्हणजे धावताना एकेक करून गाठायचे थांबे) चेंडू नुसता ढकलला, क्षेत्ररक्षकानं तो उचलून फेकला, तोवर हा पहिल्या बेसवर पोचलेला असायचा. गल्लीत चोरट्या धावा बघत मोठी झाले मी, मला यातलं आणखी काय समजावून हवं होतं!

१ ऑक्टोबर २००४ ला आम्ही सेफको फील्डवर होतो. जॉर्ज सिसलरचा एका सीझनमध्ये २५७ हिट्सचा, म्हणजे चेंडू मारून बेस गाठण्याचा, विक्रम १९२० पासून तसाच होता. त्या रात्री इचिरोनं तो मोडला. सिसलरची मुलगी, ऐंशी ओलांडलेली, कुटुंबासह पहिल्या ओळींत बसली होती. सगळं मैदान उभं राहून ओरडत असताना हा कठड्याशी गेला आणि त्या सगळ्यांशी हात मिळवून आला. सीझन २६२ वर संपला. तो आकडा आजवर कुणी गाठलेला नाही.

पुढच्या वर्षी एका छोट्या दुकानात त्याचं कार्ड घेतलं. समोर त्याची ती नेहमीची उभं राहण्याची पद्धत: उजव्या हातात बॅट सरळ उभी, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, रोखानं धरलेली, आणि डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या खांद्यावरची बाही चिमटीत धरून वर ओढलेली. बाहीला पडलेली चुणीसुद्धा दिसते. मागे बारीक अक्षरांत २००४ ची ओळ: १६१ सामने, २६२ हिट, ८ होमरन (एका फटक्यात सगळे बेस पूर्ण), ३६ चोरलेले बेस (फटका नसताना पळून गाठलेले), सरासरी .३७२. मला त्यातला ८ हा आकडा फार आवडतो. ज्या काळात सगळे होमरनच्या मागे होते, त्या काळात या माणसानं एकेका बेसच्या छोट्या हिट्सवर विक्रम केला.

आता प्रश्न दोन आहेत.

पहिला. २०२५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला, ३९४ पैकी ३९३ मतं मिळवून. तेव्हापासून त्याच्यावर नवी नवी कार्डं निघताहेत. एकाच कार्डाच्या सोनेरी, निळ्या, लाल, क्रमांक घातलेल्या आवृत्त्या असतात. सगळं जमवणं कुणालाच शक्य नाही, आणि मला ते करायचंही नाही. पण मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कशावर ठरवू?

दुसरा. चकचकीत क्रोम कार्डं जुलै-ऑगस्टमध्ये पापडासारखी वळतात. मे महिन्यात तीच सरळ असतात. घर गंगापूर धरणाच्या बाजूला नाही, इंदिरानगरात आहे, तरी हे होतं. काय करावं?

---

नाशिकरोडचा_तिकीटवाला

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण पाऊस कुणासाठी थांबत नाही.

माझी नोकरी सिक्युरिटी प्रेसमध्ये गेली. १९२५ पासून नाशिकरोडला कागद, शाई आणि डिंक यांचं काम चालू आहे, आणि तिथे काम केलेल्या माणसाला हवेतला दमटपणा कागदाला हात लावून कळतो. तुमचं क्रोम कार्ड म्हणजे खाली पुठ्ठा आणि वर चमकीचा पातळ थर. पुठ्ठा हवेतलं पाणी शोषतो आणि फुगतो. वरचा थर शोषत नाही, म्हणून तो आहे तेवढाच राहतो. एक बाजू वाढली, दुसरी वाढली नाही, की वस्तू वाकणारच. मे महिन्यात पुठ्ठा कोरडा होतो, म्हणून ती सरळ दिसतात. कार्डात खोट नाही.

वाकलेलं कार्ड इस्त्रीखाली किंवा हेअर ड्रायरसमोर कधीही धरू नका. एकदम वाळवलं तर ते उलट बाजूला वळतं आणि कडांना थर सुटतो. बंद होणारा स्टीलचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. शून्याकडे नेऊ नका, कागदाला थोडं पाणी लागतंच. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात. कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये (प्लॅस्टिकच्या पिशवीत), मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लॅस्टिकच्या खोक्यात. आठवडाभरात बहुतेक कार्डं आपोआप सरळ येतील.

आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. आपल्याकडे पश्चिमेची भिंत जूनपासून ओल धरते. आतल्या भिंतीचं लोखंडी कपाट, आणि तेही खालचा कप्पा सोडून.

अल्बमचं म्हणाल तर ज्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो, तो घेऊ नका. ते पीव्हीसी असतं. त्यातलं तेल वर्षांनंतर सुटतं आणि छपाईला चिकटतं. आम्ही तिकिटांच्या बाबतीत हे फार बघितलंय. पॉलिप्रॉपिलीनची पानं मागा.

आता पहिला प्रश्न. तिकिटांच्या प्रदर्शनात ‘एक फ्रेम’ नावाचा प्रकार असतो. एका फ्रेममध्ये १६ पानं, आणि सगळा विषय तेवढ्यात मांडायचा. मी रेल्वेची तिकिटं जमवायचो, म्हणजे ज्यांच्यावर इंजिनं छापलीयत ती टपाल तिकिटं. कपाटं भरली होती. सोळा पानांची अट स्वतःला घातली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्याला नक्की काय सांगायचंय. तुमची पानं नऊ खिशांची असतात ना? सोळा पानं म्हणजे १४४ कार्डं. तेवढ्यात बसवा. नवं आत यायचं असेल तर आतलं एक बाहेर काढावं लागेल, असा नियम ठेवा. बाहेर काढलेलं कुणाला तरी द्या किंवा बदलीत वापरा.

---

सातपूर_एमआयडीसी

मी थोडं वेगळं बोलतो. ग्रेडिंगचा विचार करा. पीएसएसारख्या कंपन्या कार्डाचं मध्य जुळणं, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग बघून १ ते १० गुण देतात आणि सीलबंद डबीत घालून परत पाठवतात. डबीत गेलं की ओलावा कमी लागतो आणि अस्सल असल्याची खात्रीही होते. इचिरोचं १९९३ चं बीबीएम या जपानी कंपनीचं कार्ड किंवा २००१ ची अमेरिकन पदार्पणाची कार्डं असतील तर नक्कीच करून घ्या. बाकी साध्या कार्डांना तेवढा खर्च परवडत नाही, कारण जाण्यायेण्याचं टपालच कार्डाच्या किमतीवर जातं.

---

नाशिकरोडचा_तिकीटवाला

सातपूरकर, खात्रीचं तुमचं बरोबर. पण ओलाव्याचं तेवढं खरं नाही. त्या डब्या हवाबंद नसतात. आत वळलेलं कार्ड मी स्वतः पाहिलंय. डबी असली तरी सिलिका हवीच.

---

सिडकोचा_द्रविडप्रेमी

ताई, एका खेळाडूचा संग्रह करणारा या शहरात आणखी कुणी आहे हे वाचून फार आनंद झाला. मी राहुल द्रविडची कार्डं जमवतो. क्रिकेटची कार्डं आपल्याकडे बबलगममध्ये मिळायची, नंतर टॉप्स कंपनीची क्रिकेट अटॅक्स कार्डं आली, पण एकूण प्रमाण फार थोडं. त्यामुळे माझी अडचण तुमच्या उलट आहे. मला मिळत नाहीत आणि तुम्हाला आवरत नाहीत. तरी निवडीबद्दल माझं मत पक्कं आहे, ते मांडतो.

रंगीत आवृत्त्यांच्या मागे अजिबात जाऊ नका. निळी कड, लाल कड, सोनेरी कड, फोटो तोच. त्यात खेळाडूचं काहीही नवीन कळत नाही. अमेरिकेतले संग्राहक ‘पीसी’ म्हणतात, पर्सनल कलेक्शन. त्यातले काही जण एका खेळाडूची प्रत्येक आवृत्ती जमवायला निघतात. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण ते छापणाऱ्या कंपनीच्या यादीप्रमाणे चालतात. आपण खेळाडूच्या आयुष्याप्रमाणे चालावं.

माझ्या नियमात प्रत्येक संघाचं एक, आणि प्रत्येक अशा दिवसाचं एक ज्यानं त्याच्या कारकिर्दीला वळण दिलं. तुमच्या इचिरोला हे लावून बघा. मी काल रात्री त्याच्याबद्दल वाचत बसलो होतो, झोपायला उशीर झाला. आधी जपानमध्ये ओरिक्स ब्लूवेव्ह हा संघ. १९९४ मध्ये नव्या प्रशिक्षकानं, अकिरा ओगीनं, त्याचं आडनाव काढून नुसतं ‘इचिरो’ नोंदवलं, आणि त्याच वर्षी १३० सामन्यांच्या सीझनमध्ये २१० हिट. तिथून सलग सात वर्षं तो पॅसिफिक लीगचा (जपानमधल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सर्वाधिक सरासरीचा फलंदाज. २००१ ला सिअ‍ॅटल, पहिल्याच वर्षी २४२ हिट, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही. फ्रेड लिन सोडला तर आधी कुणालाच एका वर्षी दोन्ही मिळाले नव्हते. २०१२ ला न्यूयॉर्कचा यांकीज संघ, तिथे पाठीवर ५१ ऐवजी ३१ नंबर. मग मायामी. शेवटी परत सिअ‍ॅटल, आणि मार्च २०१९ मध्ये टोकियो डोममध्ये निरोप.

आणखी एक. फलंदाज म्हणून त्याचं कौतुक होतंच, पण फेकीचं कार्ड जरूर ठेवा. ११ एप्रिल २००१ ला ओकलंडमध्ये उजव्या बाजूच्या मैदानातून त्यानं तिसऱ्या बेसवर जी फेक केली, टेरेन्स लाँग ज्यावर बाद झाला, ती मी चार वेळा लावून बघितली. चेंडू जमिनीला समांतर जातो. माझा मुलगा गोल्फ क्लब मैदानाजवळ सरावाला जातो, त्यालाही दाखवली. सीमारेषेवरून कीपरच्या हातात थेट फेक कशी असावी, हे त्याला त्यातून दाखवता आलं.

जपानी कार्डांसाठी एक सुचवतो. तिथे १९७३ पासून कॅल्बी कंपनीच्या खाऊच्या पाकिटांबरोबर बेसबॉलची कार्डं मिळतात. ती आकारानं वेगवेगळी असतात, काही जुनी तर अमेरिकन अडीच बाय साडेतीन इंचापेक्षा लहान. नऊ खिशांच्या पानात सैल बसतात, हे आधी धरून चाला.

---

इंदिरानगरची_इचिरोवाली

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. काका, तुमच्या सांगण्यावरून आतल्या भिंतीच्या कपाटात डबा हलवलाय. आर्द्रतामापकाचा काटा पहिल्या दिवशी ७८ वर होता. आज ५२ आहे. २००१ च्या बोमन क्रोम या मालिकेतली दोन्ही कार्डं, एक इंग्रजी अक्षरांचं आणि एक जपानी, सरळ व्हायला लागलीयत. सातपूरकर, ती दोन ग्रेडिंगला पाठवणार नाही. मला ती हातात घेऊन बघायची असतात, आणि जपानीवरचं नाव बोटाखाली ठेवून भाचीला वाचायला शिकवायचंय, ती भाषा शिकतेय. पण १९९३ चं बीबीएम कधी मिळालं तर ते मात्र ग्रेड झालेलंच घेईन. त्याच्या नकला फिरतात हे मलाही माहीत आहे.

सोळा पानांची अट मी घेतली. काल रात्री जेवणानंतर सगळी कार्डं दिवाणावर पसरली आणि दादांच्या नियमाप्रमाणे लावायला बसले. पण एक बदल केला. दिवसांप्रमाणे लावण्याऐवजी त्याच्या अंगाच्या हालचालींप्रमाणे लावतेय. पहिली पानं बाही ओढून उभं राहण्याची. मग चेंडू लागतानाची, जिथे उजवा पाय आधीच पहिल्या बेसकडे वळलेला असतो. मग धावतानाची. मग मैदानात उडी मारून कठड्यावरून झेल घेतानाची. फेकीची दोनच कार्डं निघाली, दादा म्हणतात तसं तिथे भर घालायला हवी. मागचे आकडे वाचता यावेत म्हणून काही खिशांत कार्ड उलटं ठेवलंय. २००४ ची ओळ तर पहिल्याच पानावर आहे.

असं लावल्यावर लगेच दिसलं की रंगीत कडांची निम्मी कार्डं कुठल्याच पानावर जात नाहीत. फोटो तोच असतो आणि ती जागा आधीच भरलेली असते. ती सगळी वेगळ्या डब्यात काढली. कुणाला इचिरोची सुरुवात करायची असेल, विशेषतः शाळकरी मुलाला, तर मी देईन. इंदिरानगरातून नेता येतील.

यांकीजची कार्डं मला कधी आवडायची नाहीत, तो रंग त्याला शोभत नाही असंच वाटायचं. पण धावतानाच्या पानावर त्यातलं एक फार सुंदर बसतंय, दुसऱ्या बेसकडे घसरत जातानाचं, डोकं खाली, हेल्मेट सुटायच्या बेतात. ते ठेवतेय. संघ कुठलाही असो, पाय त्याचेच आहेत.

आता माझ्याकडे एक जागा रिकामी आहे. ७ ऑगस्ट २०१६ ला डेन्व्हरमध्ये त्याचा अमेरिकेतला तीन हजारावा हिट झाला. उजव्या भिंतीवर आदळलेला चेंडू, आणि हा थेट तिसऱ्या बेसपर्यंत. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्या हिटवरचं मायामीच्या गणवेशातलं साधं कार्ड हवंय, रंगीत कड नको, क्रमांक नको. एकट्या कार्डाचं टपाल आणि वर कस्टमचा खर्च फार होतो. दिवाळीला तिकडून कुणाचा मुलगा-मुलगी घरी येणार असेल आणि सामानात एक टॉपलोडर घालायला जागा असेल, तर मला निरोप टाका. कार्ड मी त्यांच्या तिकडच्या पत्त्यावर आधीच पाठवायला सांगेन. बदल्यात माझ्याकडे २००७ च्या ऑल-स्टार मॅचचं (निवडक उत्तम खेळाडूंची दरवर्षीची मॅच) एक जास्तीचं कार्ड आहे, त्या मॅचमध्ये त्यानं मैदानातच राहिलेल्या चेंडूवर धावून होमरन पूर्ण केला होता. किंवा पैसे, जसं ठरेल तसं.

---

नाशिकरोडचा_तिकीटवाला

ताई, माझी पुतणी पोर्टलंडला असते, नोव्हेंबरात येतेय. तिला विचारून उद्या कळवतो. आणि काटा ५२ वर आलाय तर आता जेल आणखी घालू नका, तेवढ्यावर राहू द्या.