अनुभव धागा : काहीच वाटलं नाही, तेव्हा?

परवा चर्चमधल्या उपासनेनंतर चहा घेताना मंडळीतली एक कॉलेजकन्यका म्हणाली, "काकू, आज मला काहीच वाटलं नाही. देव लांब गेला का हो?" मला उत्तर सुचेना. तुमचं काय? उपदेश नको, घडलेलं सांगा. माझ्यापासून सुरुवात : बाप्तिस्म्याच्या दिवशी मला फक्त थंडी वाजत होती.

नगरकर
कन्व्हेन्शनला, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याला, दरवर्षी प्रार्थनेसाठी पुढे जाऊन रडायचो. तिसऱ्या वर्षी आजी म्हणाली, "रडलास, बरं झालं. आता चुलत्याशी बोलणार का?" बांधावरून सात वर्षं अबोला होता. गेलो, बोललो. अंगावर काटा वगैरे काही नाही. घशाला कोरड मात्र पडली.

वसईची
आई गेल्यापासून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, नुसती तोंडाने चालते. एका जेज्विट फादरांनी त्यांच्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम सांगितला : मन कोरडं असताना, आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. म्हणून सोडली नाही. अजून कोरडीच आहे.

पेटीवाला
कबूल करतो. शेवटचं कडवं संथ घेतलं, की रुमाल निघतात. वीस वर्षं वाजवतोय, कुठे निघतील तेही ठाऊक आहे. मग हे पवित्र आत्म्याचं काम की माझ्या बोटांचं? या प्रश्नाने एकदा दोन महिने पेटी बंद ठेवली. पाळकसाहेबांनी बायबलमधलं १ करिंथ १४:१५ (पौलाचं पत्र) काढून दिलं : पौल आत्म्याने गाईन म्हणतो आणि बुद्धीनेही. आता गाणं बसवण्याआधी शब्द मोठ्याने वाचून घेतो. दोन गाणी त्यातच गळली, चाली झकास होत्या तरी.

केडगावची पणती
भावनेला इतकी नावं नका ठेवू. माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात वाढली. १९०५ च्या जागृतीत, म्हणजे प्रार्थनेची लाट उसळली तेव्हा, तिथल्या मुली रडत, ओरडत, पापं कबूल करत प्रार्थना करत होत्या. आणि तिथेच पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत बसल्या, थेट १९२२ साली मरण येईपर्यंत. मुलींना गप्प करून त्यांनी व्याकरण नाही केलं.

धागाकर्ती
त्या मुलीला पेटीवाल्यांचं वाचून दाखवलं. खूप हसली. म्हणाली, "मग या रविवारी कडवं जरा भरभर घ्यायला सांगा. बघू काय होतं."