मदत हवी आहे: आयओसी रीस्टार्टनंतर सेटपॉइंट शून्य दाखवतो

नमस्कार मंडळी. बेळगावला उद्यमबागेत आमच्याकडे चुंबकांच्या पॉवर सप्लायचं टेस्ट बेंच आहे. जुना व्हीएमई कंट्रोलर काढून लिनक्सवर एपिक्स 7 (कंट्रोल सिस्टिमचं सॉफ्टवेअर) चा आयओसी (उपकरणांशी बोलणारा त्याचा सर्व्हर प्रोग्रॅम) बसवलाय, सप्लायशी आरएस-485 सिरियल लाइनवरून स्ट्रीमडिव्हाइस (एपिक्सचं ड्रायव्हर मॉड्यूल) बोलतं. रीडबॅक, म्हणजे सप्लायकडून वाचलेला आकडा, एकदम ठीक.

घोळ सेटपॉइंटचा, म्हणजे सप्लायला ठरवून द्यायच्या करंटच्या आकड्याचा. आयओसी रीस्टार्ट केला की त्याचा एओ (ॲनालॉग आउटपुट) रेकॉर्ड शून्यावर, सप्लाय मात्र 80 ॲम्पियरवरच. ऑपरेटरने बाण दाबून 0.1 वाढवलं, की 80.1 ऐवजी नुसतं 0.1 जातं आणि चुंबक धाडकन खाली!

ऑटोसेव्ह (आकडे जपून ठेवून रीस्टार्टला परत भरणारं मॉड्यूल) लावून पाहिलं, पण मध्ये कुणी पॅनेलवरचा नॉब फिरवला असेल तर जुनाच आकडा परत येतो. मग स्ट्रीमडिव्हाइसच्या प्रोटोकॉल फाइलमध्ये इनिट हँडलर (आयओसी सुरू होताना सप्लायकडून आकडा वाचून रेकॉर्डमध्ये भरणारा भाग) लिहिला. तो चालू आकडा बरोबर उचलतो, पण सप्लाय चालू असेल तरच. इकडे लाइट जाऊन आली की पीसी आपोआप उठतो, सप्लाय सुरक्षेसाठी हातानेच चालू करायचा. तोवर इनिट टाइमआउट होऊन बसलेलं.

पिनी (आयओसी सुरू होताच रेकॉर्ड आपोआप प्रोसेस करायचं सेटिंग) 'नो' आहे. सप्लायच्या फर्मवेअरला हात लावता येत नाही.

सप्लाय नंतर चालू झाल्यावर, आयओसी रीस्टार्ट न करता आणि सप्लायला काहीही न पाठवता, त्या एकाच रेकॉर्डचं इनिट परत कसं चालवायचं?