बार्नबोच्या कामगार स्त्रिया आणि मताधिकार

प्रश्न : पहिल्या महायुद्धात लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात तोफगोळे भरणाऱ्या स्त्रियांना त्या कष्टांचे बक्षीस म्हणून मताधिकार मिळाला, असे सर्रास लिहिले जाते, ते कितपत खरे आहे?

उत्तर : अर्धेच. ब्रिटनमधल्या १९१८च्या कायद्याने मत मिळाले ते तिशी ओलांडलेल्या आणि, पदवीधरांचा अपवाद सोडता, स्वतःच्या किंवा पतीच्या घर-जमिनीची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. विशीतल्या कामगार मुली १९२८पर्यंत ताटकळल्या.

उत्तर : कष्ट मात्र खरेच होते. ठिणगी पडू नये म्हणून त्या मुलींना केसांत आकडा खोवण्याचीही मुभा नव्हती. तरीही ५ डिसेंबर १९१६च्या रात्री स्फोट होऊन ३५ जणी दगावल्या.

उत्तर : शिवाय स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ युद्धाआधीची आहे. त्या चळवळीतल्या, लीड्सच्याच लिओनोरा कोहेन यांनी १९१३ मध्ये निषेध म्हणून टॉवर ऑफ लंडनमधील काचपेटी लोखंडी कांबीने फोडली. पुढे युद्धात त्याही दारूगोळ्याच्या कारखान्यात राबल्या.