गाईडच्या मुली आता रात्रीच्या कॅम्पला जातात का? (चर्चा)

गोदाकाठची
लेक आठवीत आहे, शाळेच्या गाईडमध्ये (म्हणजे मुलींचं स्काऊट) आहे. परवा सुतळी पुढे केली आणि म्हटलं क्लोव्ह हिचची गाठ मारून दाखव, तर म्हणते आई, वहीत आकृती काढलीये ना. वर्षभरात दोरी हातातच आली नाही!! मी 1994 ला गाईड होते. गंगापूर धरणाच्या अलीकडे तीन रात्रींचा कॅम्प, दगडांची चूल, ओली लाकडं, डोळ्यातून पाणी, आणि रात्री प्रत्येक पेट्रोलने, म्हणजे मुलींच्या छोट्या गटाने, दोन-दोन तास पहारा द्यायचा. वडिलांनी संमतीपत्रावर सही करायला चार दिवस घेतले होते, आईने मागे लागून करून घेतली. नातेवाईक सोबत नसताना घराबाहेर काढलेली ती माझी पहिली रात्र. आता कॅम्प म्हणजे शाळेच्या ग्राउंडवर दहा ते पाच, एक तंबू फोटोपुरता, आणि दहावीला वाढीव मार्क मिळतील म्हणून नाव टाकायचं. 1909 मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या स्काऊट मेळाव्यात मुली न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या, आम्हालाही हे हवंय म्हणाल्या, म्हणून 1910 ला गाईड सुरू झालं. घराबाहेर पडायला निघालेल्या मुलींची संघटना आहे ही, आणि आपण तिला परत कंपाउंडच्या आत आणून बसवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅप्टनबाई_पंचवटी
ताई, मी चौदा वर्षं गाईड कॅप्टन आहे, त्यामुळे हे मनाला लागलं. मागच्या वर्षी माझ्या कंपनीत, म्हणजे गाईडच्या पथकात, 32 मुली, मुक्कामी कॅम्पचे फॉर्म घरी पाठवले, सही होऊन आले 6. बाकीच्या आयांचे फोन, मॅडम दिवसा काय ते करा, रात्रीचं नको. आता 6 मुलींसाठी बस, जेवण, संडास-बाथरूमची सोय, सोबत दुसरी शिक्षिका, कसं जमवायचं? मार्कांचं म्हणाल तर मार्क आहेत म्हणून तरी वेळापत्रकात तास मिळतो, नाहीतर तो गणिताला गेला असता. आणि तुमच्या वेळी कॅम्पवर एखाद्या मुलीची पाळी आली तर काय व्हायचं ते आठवा. माझ्याकडे आज प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड असतात, मुली माझ्याशी मोकळं बोलतात, रिक्षावाले काका अंगाला हात लावतात हे एकीने मला पेट्रोल मीटिंगनंतर सांगितलं, घरी नाही सांगितलं. गाठी मारता येणं चांगलंच, पण हे बोलता येणं मला जास्त मोठं वाटतं.

जुना_स्काऊट_नाशिकरोड
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. आमच्या शाळेत स्काऊटचे पेट्रोल वाघ, सिंह, गरुड आणि मुलींचे मोगरा, गुलाब, कमळ. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, आज मुलगी झाल्यावर खटकतं. 1951 मध्ये गर्ल गाईड्स असोसिएशन भारत स्काऊट्स अँड गाईड्समध्ये विलीन झाली, संस्था एक झाली, मग पथकं अजून वेगळी कशाला? अमेरिकेत बॉय स्काऊट्सनी मुलींना घेतलं आणि आता नावातलं बॉयसुद्धा काढलं. एनडीएत 2022 पासून मुली आहेत, आपल्या नाशकातच मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व संस्था निघाली आणि आपण अजून मोगऱ्यात अडकलोय. एकत्र करा भो सरळ.

सिडकोची_रेंजर
दादा, तुमच्याशी अजिबात सहमत नाही. मी जिल्हा मेळाव्याला एकत्र कॅम्प केलाय. झालं काय तर मुलांनी तंबू ठोकले, गेटचे बांबू बांधले आणि आम्हाला सांगितलं तुम्ही रांगोळी छान काढता. मुलींचाच कॅम्प होता तेव्हा मात्र खड्डा आम्हीच खणला, बांबू आम्हीच बांधला, कारण दुसरं कुणी नव्हतंच ना करायला. वेगळं असण्याचा फायदा हा आहे. नाव बदला हवं तर, माझं काही म्हणणं नाही, मोगऱ्याचं वाघीण करा, पण ती जागा मुलींकडून काढून घेऊ नका.

शरणपूररोड_आजी
सगळ्यांचं वाचलं. माझं वय 70. 1967 ला मी सातवीत, गाईडचा गणवेश आणि बूट घ्यायची ऐपत नव्हती, त्यामुळे मला गाईडमध्ये घेतलं नाही. शनिवारी सकाळी मुली शिट्टीवर कवायत करायच्या, मी तारेच्या कुंपणापाशी दप्तर घेऊन उभी. गाईड आपल्या देशात 1911 ला जबलपूरला आलं तेसुद्धा गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी, आपल्या मुलींना नंतर घेतलं. आज माझ्या भाचीच्या जिल्हा परिषद शाळेत बुलबुलचं, म्हणजे गाईडच्या आधीच्या लहान मुलींचं, पथक आहे, शेतमजुरांच्या मुली आहेत त्यात, खरी कमाईला, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या उपक्रमात, भेळ विकून त्यांनी स्वतःचे स्कार्फ घेतले. पूर्वीचं छान होतं म्हणताना, तेव्हा कुंपणाबाहेर कोण उभं होतं तेही मोजा.

गोदाकाठची
आजी, मला हे माहीतच नव्हतं, खरंच. आमच्या वर्गातही दोघी-तिघी कधीच नसायच्या कॅम्पला, का ते मी कधी विचारलं नाही. कॅप्टनबाई, तुमचंही पटलं, रिक्षाचं वाचून तर पोटात गोळा आला. पण रात्रीच्या मुक्कामावर मी मागे हटणार नाही. सिंहस्थ तोंडावर आलाय, रामकुंडावर हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून आणायचं काम याच मुली उत्तम करतील, पण अंधाराची आणि गर्दीची सवय तर हवी? ती वहीत आकृती काढून येत नाही.

कॅप्टनबाई_पंचवटी
मग आयांनी नुसती सही करून थांबू नका, सोबत चला. दोन आया मुक्कामाला आल्या तर बाकीच्या घरून सही येते, हा माझा अनुभव आहे. डिसेंबरात आंजनेरीच्या पायथ्याशी एक रात्र ठेवू शकते मी.

गोदाकाठची
मी येते. आणि एक नको, दोन रात्री ठेवा. दोरी मी आणते.