१० मीटर एअर रायफल: पेलेटची बॅच कशी तपासावी?

नेम_धरून: एकाच कंपनीचे ४.४९ आणि ४.५० मिमी हेड साइजचे (डोक्याचा व्यास) मॅच पेलेट, म्हणजे स्पर्धेचे छर्रे आहेत, चार वेगवेगळ्या बॅच (एकत्र बनलेले लॉट). पाच-पाच फैरींचे ग्रुप (एकाच नेमावर पडलेल्या भोकांचे पुंजके) काढले तर आज एक बॅच सरस ठरते, उद्या दुसरीच. प्रत्येक छर्रा तोलून निवडावा का? आणि क्रोनोग्राफ (छर्‍याचा वेग मोजणारं यंत्र) लागेलच का?

सहावी_गोळी: घोळ पाच फैरींतच आहे. बॅच तीच असली तरी पाचचा ग्रुप दहाच्या ग्रुपपेक्षा सरासरी वीसेक टक्के लहान दिसतो, शिवाय एकेक ग्रुप नशिबावर बराच हलतो. दर बॅचचे दहा-दहा फैरींचे किमान चार ग्रुप काढा. रायफल खांद्यावर नको, क्लॅम्पमध्ये हवी. पकड अ‍ॅक्शनवर (बॅरलमागचा यंत्रणेचा भाग) ठेवा, बॅरलवर नको. बॅच बदलली की आधी पाच-दहा छर्रे वाया घालवा, म्हणजे आधीच्या शिशाचा थर निघून नव्याचा बसतो.

कागद जाड टार्गेट कार्डाचाच घ्या. वहीचा कागद फाटतो आणि मापाला अर्थ उरत नाही. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर मोजा आणि त्यातून सुट्या एका भोकाचा व्यास वजा करा. ४.५ मिमी गृहीत धरू नका, कागद आत सरकतो आणि भोक लहान दिसतं. वजा करण्याआधीचं बाहेरचं माप ५ ते ५.५ मिमी भरलं तर बॅच घ्या. ६ च्या पुढे गेलं तर ती सरावाला.

ग्रुप एकाच दिशेने सरकत गेला तर दोष पेलेटचा नाही, क्लॅम्प ढिला आहे. नऊ एका भोकात आणि एक बाहेर, असं चारपैकी दोन कार्डांवर झालं तर मात्र बॅचवर संशय घ्यायचा. तो एक छर्रा 'माझ्या हातून गेला' म्हणून सोडून देऊ नका, क्लॅम्पला हात नसतो!

मिलिग्रॅम: वजनाबद्दल थोडं गणित. छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. १० मीटरवर तो अठरा-एकोणीस मिमी खाली येतो. वेगात १ मीटरचा फरक म्हणजे उभ्या रेषेत ०.२ मिमी. रायफलच्या दशांश गुणांकनात ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिमी. आता छर्‍यात ५ मिलिग्रॅमचा फरक असला तरी वेग जेमतेम ०.८ मीटरने बदलतो, म्हणजे ०.१ गुणाच्याही आतच. म्हणून चांगल्या मॅच पेलेटची ५०० ची डबी तोलत बसणं मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो. डबीतले वीस तोला. त्यांत १० मिलिग्रॅमची तफावत दिसली तर डबीच बाजूला ठेवा.

क्रोनोग्राफ बॅचपेक्षा रायफल तपासायला जास्त उपयोगी. दहा फैरींत वेगाची तफावत ३ मीटरच्या वर गेली तर आधी रेग्युलेटर (हवेचा दाब स्थिर ठेवणारा भाग) आणि सील बघा. थोडं थांबल्यावरची पहिलीच फैर वेगवान येत असेल तर रेग्युलेटर गळतोय.

नेम_धरून: म्हणजे वजनाचा नाद सोडतो. पण स्कर्ट (मागची पोकळ, पातळ कड) वाकलेले छर्रे ओळखायचे कसे? डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात.

सहावी_गोळी: काच किंचित तिरपी ठेवा आणि छर्रे एकेक करून घरंगळू द्या. डोकं आणि स्कर्ट यांचा घेर वेगळा असल्याने प्रत्येक छर्रा वळण घेत जातो. ज्याचं वळण इतरांपेक्षा वेगळं किंवा चाल डगमगती, तो बाजूला. कॅलिपरने डोकं मोजायला जाऊ नका, मऊ शिसं जबड्यात दबतं आणि ४.४९ चं काहीही होतं.

कोकणी_स्कर्ट: एक राहिलं. बॅच पसंत पडली तर त्याच बॅच नंबरच्या डब्या एकदम घेऊन ठेवा. पुढच्या बॅचवर ४.५० लिहिलेलं असलं तरी साचा वेगळा असू शकतो, तेव्हा पुन्हा क्लॅम्प. पावसाळ्यात डबी सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणात ठेवा. छर्‍यांवर पांढरी पूड धरली की ते टाका, पुसून वापरू नका. आणि शिसं हाताळल्यावर खाण्याआधी साबणाने हात धुवा.

नेम_धरून: आभार. रविवारी चारही बॅच क्लॅम्पवर लावतो आणि कार्डांचे आकडे इथे टाकतो.