पहिली वारी, पाय टिकवायचे आहेत: बूट की सँडल? (बजेट १५०० रु.)

तुळशीमाळ
यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालणार आहे. निघायला सहा आठवडे आहेत. वय ४९, साखर नाही. सकाळी उठल्यावर उजवी टाच पहिली चार पावलं टेकवत नाही, मग मोकळी होते. टाचांना भेगाही आहेत. रोज ५ किमी चालते, मागे पट्टा असलेल्या दोन वर्षं जुन्या सँडलवर. बूट घ्यावेत का? सगळं मिळून १५०० रुपयांत बसवायचं आहे.

घाटवाट
बूटच घ्या, पळायचे. पाच हजारांत उत्तम येतात. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजलेला असतो. मोजे घालून उभं राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसली की उतारावर नखं आपटून काळीनिळी होतात.

तुळशीमाळ
दादा, बजेट १५०० आहे.

घाटवाट
पायांवर काटकसर करू नये, ताई. पुणे ते सासवड एकाच दिवसात तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाटाचा चढ.

नीराकाठ
बूट पावसात भिजला की तंबूत रात्रभरात वाळत नाही. सकाळी पुन्हा तोच ओला बूट, दुपारपर्यंत तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली. अशी कातडी घासली की फोड ठरलेला, आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या. बूट घ्या नाहीतर सँडल, मुक्कामाला पोचल्यावर पाय धुऊन प्रत्येक बेचकं सुती फडक्याने टिपून घ्या. चिखल्या झाल्याच तर क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा, आणि खाज थांबली तरी लगेच बंद करू नका.

पोटरी
सगळे पायताणावर बोलताहेत, टाचेकडे कुणाचं लक्ष नाही. सकाळची पहिली पावलं दुखणं हे बहुतेकदा तळव्याच्या पट्टीचं, प्लांटर फॅसियाचं दुखणं असतं. ती रात्रभर आखडते आणि उठल्याउठल्या एकदम ताणली जाते. म्हणून पलंगावरून उतरण्याआधीच पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा, १० मोजा, सोडा. असं १० वेळा.

दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण: दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद, तीन वेळा. टाच उचलली गेली तर ताण बसतच नाही, तिथेच बहुतेक जण चुकतात. रात्री बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली १० मिनिटं फिरवा. घरात फरशीवर अनवाणी वावरू नका.

रविवारचं चालणं ८, १०, १३, १६, २० किमी असं वाढवा, शेवटचा आठवडा हलका ठेवा. बसल्याजागीही टाच ठणकली, सूज आली किंवा मुंग्या आल्या तर आधी हाडांचे डॉक्टर.

चंद्रभागा_तीर
अनवाणी चाला, पाय आपोआप घट्ट होतात. आमच्या घरात चार पिढ्या तशाच गेल्या.

नीराकाठ
काका, ज्यांना लहानपणापासून सवय आहे त्यांचं ठीक. सहा आठवड्यांत तळवा तयार होत नाही, दुपारचं डांबर भाजून काढतं. साखर असलेल्यांनी तर मुळीच नको, खडा रुतला तरी कळत नाही.

चंद्रभागा_तीर
वारी म्हणजे सहल नव्हे.

रातांबा
भेगांचं सांगते. आठवड्यातून दोनदा, आंघोळीत पाय भिजल्यावर वज्री हलक्या हाताने. रोज घासलं तर कातडी आणखी जाड येते. रात्री कोकमतेलाच्या गोळ्यातला कपचा चमच्यात वितळवायचा, कोमट झाला की भेगेत भरायचा. गार झाला की मेणासारखा आत बसून राहतो. वर जुने सुती मोजे घालून झोपा. कडा फारच टणक असतील तर औषधाच्या दुकानातून युरियाचं मलम आणा. भेगेतून रक्त येत असेल तर वज्री बंद.

घाटवाट
मोजे सुती नकोत हे राहिलं. सुती मोजा घाम धरून ठेवतो. नायलॉन-पॉलिएस्टरचे घ्या, शिवण बोटांवर न येणारे. आणि बूट आता घेतलात तरच निघेपर्यंत पायात मुरतील.

दिंडी_क्रमांक_नाही
बूटच. नखं आधी कापा, सरळ कापा, कोपरे खोल नकोत. फोड आला तर सुईत दोरा ओवून आरपार काढा आणि दोरा आतच ठेवा, पाणी झिरपून जातं.

पोटरी
दोरा आत ठेवू नका! त्याच वाटेने रस्त्याची घाण आत जाते आणि पू होतो. लहान फोड तसाच सोडा. मोठा, तणतणलेला असेल तर सुई स्पिरिटने पुसून कडेला दोन भोकं, कापसाने दाबून पाणी काढा. वरची कातडी कापू नका, तीच पट्टी. वर मलम आणि कोरडं कापड.

त्याआधीची पायरी जास्त महत्त्वाची. एखादी जागा नुसती गरम लागली की तिथेच थांबून कागदी टेप लावा, कोपरे गोल कापून. व्हॅसलीन लावलेल्या जागी टेप धरत नाही, म्हणून एका जागेला दोन्हींपैकी एकच.

तुळशीमाळ
सगळ्यांचे आभार. बूट घेत नाही. सँडल पायाला बसलेली आहे आणि भिजली तरी फडक्याने पुसून निघते. टाचेच्या बाहेरच्या अंगाला सोल झिजलाय, तेवढा मोच्याकडून बदलून घेते. नायलॉनचे दोन जोड मोजे, टेप, स्पिरिट, मलम, कोकमतेल. हजाराच्या आतच होईल. पोटरीचा ताण आज सुरू केला.

घाटवाट
मग सोल शिवून घ्या, नुसता चिकटवलेला चिखलात सुटतो. आणि दोन्ही पायांचे बदला, एकच बदलला तर उंची कमीजास्त होऊन कंबर धरेल.